माईक उघडा राहिला आणि मुखवटा गळून पडला!

खेळाच्या मैदानावर जात नसते, रंग नसतो. तेथे फक्त गुणवत्ता चालते, असे आपल्याला शाळेपासून ऐकविले जाते. ऐकविणारे बहुधा असे लोक असतात, ज्यांना मैदानाच्या फाटकावर कधी कुणी अडविलेले नसते. आता त्यांच्या हाती नवा दाखला आला आहे. संगणकावरच्या खेळात खेळाडूचा चेहरा दिसत नाही, आडनाव दिसत नाही, वस्ती दिसत नाही. मग तेथे भेदभाव येणार कोठून, असा त्यांचा सवाल असतो.

या सवालाचे उत्तर १२ एप्रिल २०२० च्या रात्री अमेरिकेत मिळाले. संगणकावर चाललेल्या एका मोटार शर्यतीत एका नामांकित ड्रायव्हरच्या तोंडून एक शब्द गेला आणि दोन दिवसांत त्याची नोकरी गेली. आंबेडकरी चळवळीतील कार्यकर्त्यांनी, विशेषतः ज्यांच्या घरातली मुले कानाला हेडफोन लावून तासन्‌तास खेळत बसतात त्यांनी, ही रात्र नीट समजून घ्यावी असे आम्हास वाटते.

घराघरांत भरलेली शर्यत

मोटार शर्यत हा अमेरिकेतला अत्यंत लोकप्रिय खेळ. 'नॅसकार' ही संस्था तेथे या शर्यती भरविते. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीने स्टेडियम ओस पडली आणि शर्यती थांबल्या. तेव्हा नॅसकारने 'आयरेसिंग' या संगणकीय प्रणालीवर आपल्या खऱ्याखुऱ्या ड्रायव्हरांना उतरविले. प्रत्येक जण आपापल्या घरी, समोर पडदा, हातात स्टिअरिंग, पायाखाली ब्रेक आणि ॲक्सिलरेटर. आणि शर्यत मात्र सर्वांची एकच.

हा पोरखेळ म्हणून हसण्यावारी नेण्याचे कारण नाही. २००८ पासून लोकांसाठी खुल्या असलेल्या या प्रणालीत खऱ्या ट्रॅकची मोजणी लेसर यंत्राने केली जाते. रस्त्यावरचा उंचवटाही पडद्यावर तसाच येतो. गाडी घसरली की हातातल्या स्टिअरिंगला हिसका बसतो. टायर झिजतात, इंधन संपते. नवख्या ड्रायव्हरला खालच्या वर्गाचा परवाना मिळतो आणि नीट गाडी चालविली तरच तो वर चढतो. धडक झाली की दोघांच्याही नावावर दोष चढतो. चूक कोणाची, हे यंत्र पाहत नाही. कुणी मुद्दाम धडक मारली असे वाटले, तर शर्यतीचे रेकॉर्डिंग जोडून तक्रार करता येते. वकिलीच्या भाषेत सांगायचे तर येथे प्रत्येक धडकेचा पंचनामा आपोआप तयार होतो.

पडद्यापुढे ड्रायव्हर एकटा दिसतो; पण त्याच्या कानात संघाचा माणूस बोलत असतो. त्याला 'स्पॉटर' म्हणतात. डाव्या हाताला गाडी आहे, मागचा जवळ आला, आता जागा मोकळी आहे, असे तो क्षणाक्षणाला सांगत राहतो. बोलण्याच्या वाटा दोन असतात. एक संघापुरती खासगी आणि दुसरी शर्यतीतल्या सर्वांना ऐकू जाणारी. ही दोन वाटांची गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढचे सारे रामायण तिच्यामुळेच घडले.

२२ मार्च २०२० रोजी या लीगची पहिली शर्यत झाली. डेनी हॅम्लिन हा नावाजलेला ड्रायव्हर घरी अनवाणी पायांनी खेळला आणि शेवटच्या फेरीत डेल अर्नहार्ट ज्युनियरला मागे टाकून जिंकला. टीव्हीवर ती ९ लाखांवर लोकांनी पाहिली. दुसऱ्या रविवारी, २९ मार्चला, टिमी हिल जिंकला. हा लहान, गरीब संघाचा ड्रायव्हर. नॅसकारच्या सर्वोच्च मालिकेत प्रत्यक्ष रस्त्यावर त्याला एकही विजय मिळालेला नव्हता. रस्त्यावर ज्याच्या संघाकडे पैसा, त्याचे इंजिन जोरदार. पडद्यावर मात्र सर्वांच्या गाडीला एकच ताकद. साधने सारखी वाटली गेली, की मागे पडलेला माणूस पुढे येतो, हे त्या एका रविवारने दाखवून दिले. आरक्षणाला विरोध करणाऱ्यांनी याचा विचार करावा.

तिसऱ्या शर्यतीत, ५ एप्रिलला, बबा वॉलेस हा ड्रायव्हर धडक झाल्यावर वैतागला आणि शर्यत अर्धवट सोडून गेला. नॅसकारच्या सर्वोच्च मालिकेत तेव्हा नियमित धावणारा तो एकमेव कृष्णवर्णीय ड्रायव्हर. त्याच्या पडद्यावरच्या गाडीला पैसा पुरविणाऱ्या कंपनीने समाजमाध्यमावर जाहीरपणे त्याच्याशी संबंध तोडला. खेळ खोटा, गाडी खोटी, धडक खोटी. पण तुटलेला करार खरा होता. कृष्णवर्णीयाने खेळात राग दाखविला, तर त्याची किंमत किती लवकर वसूल होते, हे आपणास नवे नाही.

ती रात्र

पुढच्याच रविवारी, १२ एप्रिलच्या रात्री, लीगबाहेरची एक हौशी शर्यत ठेवली होती. नाव 'मोंझा मॅडनेस'. इटलीतल्या मोंझा ट्रॅकची संगणकीय प्रतिकृती आणि तिच्यावर नॅसकारचे अनेक ड्रायव्हर. बक्षिसाचा प्रश्न नव्हता, गुणांचा नव्हता. लॉकडाऊनमधली एक करमणूक. ती इंटरनेटवरून थेट दाखविली जात होती.

त्यात काइल लार्सन होता. वय २७. चिप गनासी यांच्या संघाचा आघाडीचा ड्रायव्हर. त्याला आपल्या स्पॉटरचा आवाज येईना. आपला आवाज त्याला जातो की नाही, हे तपासण्यासाठी तो माईकवर बोलला. आणि बोलता बोलता त्याने कृष्णवर्णीयांसाठी शतकानुशतके वापरला गेलेला तो गलिच्छ शब्द उच्चारला. त्याची समजूत अशी, की आपण संघाच्या खासगी वाटेवर बोलत आहोत. प्रत्यक्षात माईक सर्वांसाठी उघडा होता. क्षणभर सारे स्तब्ध झाले. मग दुसऱ्या एका ड्रायव्हरने त्याला सांगितले, की तू सगळ्यांशी बोलतो आहेस. तोवर शब्द हजारो घरांत पोहोचला होता.

१३ एप्रिलला आयरेसिंगने आणि नॅसकारने त्याला निलंबित केले. संघाने बिनपगारी घरी बसविले. त्याने ध्वनिचित्रफीत काढून माफी मागितली. मोठमोठ्या पुरस्कर्त्या कंपन्यांनी हात काढून घेतले. १४ एप्रिलला संघाने त्याला कामावरूनच काढून टाकले.

तारीख पाहा! त्याच दिवशी आपण सारे लॉकडाऊनमुळे घराघरांत, मिरवणुकीशिवाय बाबासाहेबांची जयंती साजरी करीत होतो. हा निव्वळ योगायोग आहे, हे आम्ही जाणतो. पण माणसाच्या प्रतिष्ठेसाठी आयुष्य वेचणाऱ्या महामानवाच्या जन्मदिनी, अपमानाच्या एका शब्दाची किंमत जगापुढे मोजली गेली, याची नोंद आपण नाही घ्यायची तर कोणी घ्यायची?

'कुणाला उद्देशून नव्हता'

आता मुद्द्याचे बोलू. लार्सनने तो शब्द कोणा कृष्णवर्णीयाला उद्देशून वापरला नव्हता. तो आपल्याच संघातल्या माणसाशी बोलत होता. भांडण नव्हते, राग नव्हता. सहज तोंडातून गेला. त्याची बाजू घेणारे लोक हेच सांगत राहिले.

आमच्या मते खरा गुन्हा त्या 'सहज'मध्येच आहे. रागाच्या भरात माणूस काहीही बोलतो, असे म्हणता येते. पण माईक चालतो की नाही हे पाहण्यासाठी 'हॅलो, हॅलो' म्हणावे तितक्या सहजपणे जो शब्द येतो, तो मनाच्या तळाशी किती काळ मुरलेला असेल? आपल्याकडे काय वेगळे आहे? कळकट कपड्यांना, बसक्या चेहऱ्याला, घरातल्या पसाऱ्याला कोणाच्या जातीची नावे दिली जातात? महाविद्यालयाच्या कट्ट्यावर, कार्यालयातल्या चहाच्या वेळी, क्रिकेटच्या मैदानावर चेष्टेचा शब्द म्हणून कोणाची जात वापरली जाते? बोलणाऱ्याला विचारा. तो म्हणतो, 'तुम्हाला नाही म्हटलं हो, ती एक बोलायची पद्धत आहे.' ही पद्धत हाच मनुवाद. तो पोथीत जितका आहे, त्याहून अधिक जिभेवर आहे. भगवान बुद्धांनी अष्टांगिक मार्गात सम्यक वाचेला स्वतंत्र स्थान दिले, त्यामागे हीच जाण आहे.

लार्सनची आणखी एक बाजू विचार करायला लावणारी आहे. त्याची आई जपानी वंशाची. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबले, त्यांत त्याचे आजी-आजोबा होते. आणि तो स्वतः 'ड्राइव्ह फॉर डायव्हर्सिटी' या योजनेतून पुढे आला होता. अल्पसंख्याक आणि स्त्रियांना या खेळात प्रवेश मिळावा म्हणून नॅसकारने २००४ मध्ये ही योजना सुरू केली. म्हणजे ज्याच्या घराण्याने वंशद्वेषाचे चटके सोसले, ज्याला विशेष संधीचा लाभ झाला, त्याच्याच जिभेवर हा शब्द होता. एका अन्यायाचा बळी ठरलेला माणूस दुसऱ्या अन्यायापासून आपोआप मुक्त होत नाही. आरक्षणाचा लाभ घेऊन आपल्याच समाजातल्या दुसऱ्या पोटजातीची टिंगल करणाऱ्यांनी, आपल्या खालच्याला हिणविणाऱ्या बहुजनांनी या आरशात जरूर पाहावे. बाबासाहेबांनी जातीला चढत्या आदराची आणि उतरत्या तिरस्काराची उतरंड म्हटले होते. तिच्यात प्रत्येकाला आपल्या खाली कुणीतरी लागतो.

अठ्ठावन्न वर्षांनी मिळालेली ट्रॉफी

या शब्दाला इतका भार का, हे समजण्यासाठी वेंडेल स्कॉटची हकिगत माहीत हवी. व्हर्जिनिया राज्यातल्या डॅनव्हिल गावचा हा कृष्णवर्णीय मेकॅनिक. स्वतःची गाडी स्वतः दुरुस्त करायची, मुलांना मदतीला घ्यायचे आणि शर्यतीत उतरायचे. १ डिसेंबर १९६३ रोजी फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल येथे त्याने शर्यत जिंकली. पण विजेता म्हणून नाव पुकारले गेले बक बेकर या गोऱ्या ड्रायव्हरचे. ट्रॉफी त्याला, सत्कार त्याला, छायाचित्रे त्याची. स्कॉटने दाद मागितली. काही तासांनी, प्रेक्षक पांगल्यावर, फेऱ्या मोजण्यात चूक झाली असे सांगून त्याला विजेता ठरविण्यात आले. पैसे मिळाले, मान मिळाला नाही. १९९० मध्ये तो वारला. खरी ट्रॉफी त्याच्या कुटुंबाच्या हाती पडली ती ऑगस्ट २०२१ मध्ये, म्हणजे सुमारे ५८ वर्षांनी!

आपल्याकडचा पालवणकर बाळू आठवा. चांभार समाजातला हा डावखुरा फिरकी गोलंदाज. त्याने टाकलेला चेंडू पुण्याच्या हिंदू क्लबातल्या सवर्णांना चालत होता. पण चहा त्याला पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात दिला जाई. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला मिळाले नाही. ते त्याचा भाऊ विठ्ठल याला १९२३ मध्ये मिळाले, तेही झगडून. स्कॉटची ट्रॉफी आणि बाळूचे कर्णधारपद ही एकाच दुखण्याची दोन नावे आहेत. खेळू द्यायचे, घाम गाळू द्यायचा. मानाची वेळ आली की दार लावायचे.

या दोन दुखण्यांचे नाते आम्ही ओढूनताणून जोडत नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केला. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीयांचे विचारवंत नेते डु बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिचे नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून आले. तेव्हा अमेरिकेतल्या पडद्यावर काय घडले याच्याशी आपला काय संबंध, असे कुणी विचारू नये.

पडद्यानेच उघडलेले दार

मग संगणकाचा खेळ वाईट आहे, मुलांना त्यापासून दूर ठेवावे, असा निष्कर्ष काढायचा काय? मुळीच नाही. नाण्याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे.

राजा करुथ हा वॉशिंग्टन शहरात वाढलेला कृष्णवर्णीय मुलगा. मोटार शर्यतीचा खेळ पैसेवाल्यांचा. लहान वयात छोट्या गाड्या चालवून मुले तयार होतात. त्यासाठी गाडी, टायर, प्रवास, मेकॅनिक यांवर बापाला पाण्यासारखा पैसा ओतावा लागतो. करुथ अशा वाटेने आला नाही. तो आयरेसिंगवर, पडद्यासमोर बसून शर्यत शिकला. किशोरांसाठीच्या नॅसकारच्या संगणकीय स्पर्धेत चमकला. तेथून 'ड्राइव्ह फॉर डायव्हर्सिटी' योजनेत आला आणि मग खऱ्या गाडीत बसला. सोबत त्याने विन्स्टन-सेलम स्टेट युनिव्हर्सिटी या मूळच्या कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या विद्यापीठात शिक्षणही घेतले. १ मार्च २०२४ रोजी लास व्हेगास येथे नॅसकारच्या ट्रक मालिकेतली शर्यत त्याने जिंकली. नॅसकारच्या राष्ट्रीय मालिकांत जिंकणारा तो तिसरा कृष्णवर्णीय. पहिला वेंडेल स्कॉट आणि दुसरा बबा वॉलेस.

वॉलेसचेही पुढे काय झाले ते पाहा. मे २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइडची पोलिसांच्या गुडघ्याखाली हत्या झाली. तेव्हा वॉलेसने जाहीर मागणी केली, की गुलामगिरीसाठी लढलेल्या दक्षिणेतल्या राज्यांचा कॉन्फेडरेट झेंडा शर्यतीच्या आवारात नको. दशकानुदशके प्रेक्षक तो झेंडा मिरवीत असत. १० जून २०२० रोजी नॅसकारने त्यावर बंदी घातली. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी अलाबामा राज्यातल्या टॅलडेगा येथे वॉलेस जिंकला. सर्वोच्च मालिकेत स्कॉटनंतर जिंकणारा तो पहिला कृष्णवर्णीय.

लार्सन, वॉलेस आणि करुथ हे तिघेही विशेष संधीच्या त्याच एका योजनेतून आले, हे आम्ही मुद्दाम सांगतो. अशा योजनांनी गुणवत्ता मरते म्हणणाऱ्यांनी या तिघांचे विजय मोजावेत.

लार्सनचीही गोष्ट तेथे संपली नाही. त्याने प्रशिक्षण घेतले, कृष्णवर्णीय मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांत जाऊन बसला, ऐकून घेतले. ऑक्टोबर २०२० मध्ये त्याचे निलंबन उठले आणि २०२१ मध्ये त्याने सर्वोच्च मालिकेचे विजेतेपद मिळविले. कुणी म्हणेल, शिक्षा फार लवकर संपली. हा आक्षेप रास्त आहे. स्कॉटच्या कुटुंबाने ५८ वर्षे वाट पाहिली आणि लार्सनला सहा महिन्यांत दार उघडले, हा फरक डोळ्यांत भरतोच. कंपन्यांनी पाठ फिरविली, तीही समतेच्या प्रेमाने नव्हे, बाजाराच्या हिशेबाने. तरीही आम्ही म्हणू, की क्रम बरोबर होता. आधी चुकीची कबुली, मग शिक्षा, मग शिकणे आणि शेवटी परत प्रवेश. अंगुलिमालाला संघात घेणाऱ्या तथागतांच्या अनुयायांना माणूस बदलतो हे मान्यच आहे. पण त्याने आधी शस्त्र खाली ठेवले पाहिजे.

आपल्याकडे काय झाले?

त्याच लॉकडाऊनमध्ये आपल्याकडेही अगदी तसाच प्रसंग घडला. माजी क्रिकेटपटू युवराज सिंग याने इन्स्टाग्रामवरच्या थेट गप्पांत एका सहखेळाडूविषयी जातिवाचक शब्द वापरल्याचा आरोप झाला. तेथेही हलकीफुलकी चेष्टा चालली होती. ओरड झाल्यावर जून २०२० मध्ये त्याने दिलगिरी व्यक्त केली. हरियाणातल्या हांसी येथे तक्रार गेली. गुन्हा नोंदला गेला फेब्रुवारी २०२१ मध्ये. ऑक्टोबर २०२१ मध्ये अटक झाली आणि लगेच अंतरिम जामिनावर सुटका. तिकडे दोन दिवस. इकडे नुसता गुन्हा नोंदायला आठ महिने!

ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकच्या उपांत्य सामन्यात महिला हॉकी संघ हरला, तेव्हा हरिद्वारजवळ वंदना कटारियाच्या घरापुढे फटाके फोडून तिच्या कुटुंबाला जातिवाचक शिवीगाळ केल्याची तक्रार झाली. त्याच ऑलिम्पिकमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारी ती पहिली भारतीय महिला. देशासाठी खेळली तरी जात सुटली नाही.

कायदा काय सांगतो, हे कार्यकर्त्यांनी नेमके समजून घ्यावे. अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ च्या कलम ३(१)(आर) प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीचा 'लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी' हेतुपुरस्सर अपमान करणे, आणि ३(१)(एस) प्रमाणे अशा ठिकाणी तिला जातीच्या नावाने शिवीगाळ करणे, हे गुन्हे आहेत. इंटरनेट हे असे ठिकाण आहे काय? केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये, अनुसूचित जमातीच्या एका महिलेविरुद्धच्या चित्रफितीच्या प्रकरणात, होय असे उत्तर दिले. पूर्वी अपमान जवळच्यांनाच ऐकू येई. आता चित्रफीत जितक्या वेळा कुणी उघडतो, तितक्या वेळा अपमानित व्यक्ती तेथे हजर असल्यासारखीच असते, असा त्या निर्णयाचा आशय आहे. दुसऱ्या राज्यातल्या उच्च न्यायालयाचा हा निर्णय आपल्याकडे बंधनकारक नसला, तरी युक्तिवादासाठी मोलाचा आहे. तेव्हा खेळाच्या उघड्या माईकवरून आपल्या मुलाला कुणी जातीवरून शिवी दिली, तर 'ते सगळं गेममधलं आहे' असे म्हणून ठाणे अंमलदाराने हात झटकणे कायद्याला धरून नाही. कलम १८(अ) प्रमाणे गुन्हा नोंदण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची अट नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये ही तरतूद कायम ठेवली. मात्र पुरावा जपावा. रेकॉर्डिंग पुसू नये, तारीख-वेळ लिहून ठेवावी आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र जोडावे. आमचा वकिलीतला अनुभव असा, की वस्तीतल्या भांडणात साक्षीदार फुटतो; यंत्राची साक्ष फुटत नाही, फक्त ती वेळेत ताब्यात घ्यावी लागते.

पण कायद्याची एक मर्यादाही मोकळेपणाने सांगितली पाहिजे. दोन सवर्ण मित्र आपसांत आपल्या जातीचे नाव शिवीसारखे वापरीत असतील आणि ते कोणा विशिष्ट व्यक्तीला उद्देशून नसेल, तर ही दोन कलमे लावणे अवघड जाते. लार्सनचा प्रकार अशाच जातीचा होता. तेथेही फौजदारी कायदा धावून आला नाही. त्याला शिक्षा दिली ती खेळाच्या संस्थेने, आपल्या स्वतःच्या वर्तन-नियमांनुसार. खटला चालायला वर्षे लागतात. नियम असेल आणि तो पाळायची इच्छा असेल, तर दोन दिवस पुरतात.

आमची मागणी

भारत सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ई-स्पोर्ट्स क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत आणले. ऑगस्ट २०२५ मध्ये झालेल्या ऑनलाईन गेमिंगच्या कायद्याने पैशाच्या खेळांवर बंदी घालून ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यता दिली. खेळ म्हणून मान्यता हवी, तर खेळाची शिस्तही हवी. ई-स्पोर्ट्स भरविणाऱ्या प्रत्येक संस्थेच्या नियमावलीत जातिवाचक शब्द हा स्वतंत्र गुन्हा म्हणून लिहिला पाहिजे. तो कोणाला उद्देशून होता की नव्हता, हे पाहण्याचे कारण नाही. तक्रारीचा निकाल ठरलेल्या दिवसांत लागला पाहिजे. अमेरिकेतल्या सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये भेदभावविरोधी कायद्यात 'जात' हा शब्द घातला. सातासमुद्रापलीकडच्या नगरपालिकेला जे सुचले, ते आपल्या क्रीडा संस्थांना का सुचू नये?

दुसरी मागणी आपल्याच समाजाकडे. आपल्या विहारांत, वसतिगृहांत, समाजमंदिरांत चांगला संगणक आणि चांगले इंटरनेट आणा. त्यावर मुले अभ्यास करतील आणि खेळतीलही, खेळू द्या. करुथला पडद्यातून दार सापडले, ते आधी त्याच्यापुढे पडदा होता म्हणून. ज्याच्या घरी एकच मोबाईल आणि तोही बापाच्या खिशात, त्या मुलाला 'सर्वांना खुला' असलेला सर्व्हर काय कामाचा?

१९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केले, ते कागदावर. पाणी तेच, काठ तोच, ठरावही होता. पण ओंजळ भरायला २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारोंसह तळ्यापर्यंत चालत जावे लागले आणि त्याबद्दल आपल्या माणसांनी डोकी फोडून घेतली. आजचा सर्व्हर हे नवे तळे आहे. ते कागदावर सर्वांना खुले आहे. आपल्या मुलामुलींनी तेथे जावे, बरोबरीने खेळावे आणि जिंकावे. कुणी माईकवरून विष ओतले, तर खेळ सोडून गप्प घरी येऊ नये. रेकॉर्डिंग जपावे, तक्रार करावी आणि पुढच्या शर्यतीला पुन्हा हजर राहावे.

जयभीम!